महाराष्ट्रातील संगीत नभोवाणी

महाराष्ट्रातील संगीत नभोवाणी म्हणजे राज्यातील शासकीय, खासगी व सामुदायिक रेडिओ केंद्रांवरून आणि अलीकडे इंटरनेटवरून होणारे संगीताचे प्रसारण होय. या प्रसारणाचा प्रारंभ १९२७ मध्ये मुंबई केंद्रापासून झाला. तेव्हापासून त्याचे स्वरूप अनेकदा बदलले. आकाशवाणीचा संमिश्र कार्यक्रम, विविध भारतीची मनोरंजन सेवा, खासगी एफएम वाहिन्यांचे लोकप्रिय गीतांचे स्वरूप आणि इंटरनेट रेडिओ हे या प्रवासातील चार मुख्य टप्पे मानता येतात. नागपूर शहराला या इतिहासात विशेष स्थान आहे. आकाशवाणीवरील व्यापारी जाहिरातींचा प्रयोग १९६७ मध्ये ज्या तीन शहरांत सुरू झाला त्यांत नागपूर होते, तसेच आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचे प्रक्षेपणही १९८८ पासून नागपूर येथील शक्तिशाली प्रक्षेपकावरून होत असे.

श्रोत्याला कोणते संगीत ऐकायला मिळते, हे केवळ त्याच्या आवडीवर ठरत नाही. लहरींचा परवाना कोणाकडे आहे, खर्च कोण करतो आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाच्या हाती आहेत, यांवरही ते अवलंबून असते. इंटरनेट रेडिओने यांपैकी लहरींच्या परवान्याची अट दूर केली. खर्चाचा आणि हक्कांचा प्रश्न मात्र कायम राहिला.

## संकल्पना

रेडिओ केंद्रावरील कार्यक्रमांची निवड, क्रम, भाषा, निवेदनाची शैली आणि जाहिरातींची मांडणी यांच्या ठरावीक घडणीस कार्यक्रम-स्वरूप किंवा 'फॉरमॅट' असे म्हणतात. याचे दोन मूलभूत प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात एकाच केंद्रावर दिवसभरात शास्त्रीय संगीत, भावगीते, लोकसंगीत, नाटके, शेतीविषयक माहिती आणि बातम्या असे विविध कार्यक्रम ठरलेल्या वेळी होतात. श्रोता आपल्या आवडीच्या कार्यक्रमाची वेळ पाहून रेडिओ लावतो. दुसऱ्या प्रकारात केंद्र दिवसभर एकाच जातीचे संगीत वाजवते. त्यामुळे श्रोत्याने केव्हाही रेडिओ लावला तरी त्याला अपेक्षित तेच ऐकू येते.

दुसरा प्रकार अमेरिकेत १९५० च्या दशकात रुळला. नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथील केओडब्ल्यूएच या केंद्राचे चालक टॉड स्टॉर्झ यांनी मोजकी लोकप्रिय गाणी पुन्हा पुन्हा वाजवण्याची पद्धत अवलंबली. तीच पुढे 'टॉप ४०' या नावाने प्रसिद्ध झाली. दूरचित्रवाणीच्या प्रसारामुळे नाटके व मालिका रेडिओकडून निघून गेल्या होत्या. कमी खर्चात चालणारे संगीताचे स्वरूप ही तेव्हा तेथील केंद्रांची व्यावसायिक गरजही होती. महाराष्ट्रात हे स्वरूप सुमारे अर्ध्या शतकानंतर, खासगी एफएम वाहिन्यांबरोबर आले.

## आकाशवाणीचा संमिश्र काळ

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ही कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि प्रसारण सरकारच्या हाती गेले. १९३६ मध्ये या सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर प्रादेशिक केंद्रांची संख्या वाढू लागली. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि प्रांतात मराठी व हिंदी या दोन्ही भाषा चालत असत. पुणे केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९५३ रोजी झाला. पुढील दशकांत सांगली, परभणी, औरंगाबाद, जळगाव, रत्नागिरी, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर आदी ठिकाणीही केंद्रे उभी राहिली.

या काळात आकाशवाणी ही केवळ संगीत ऐकवणारी संस्था नव्हती, तर संगीत घडवणारी संस्थाही होती. केंद्रांवर वादक व संगीत संयोजक नोकरीस असत. गायक-वादकांची ध्वनिचाचणी घेऊन त्यांना श्रेणी दिली जाई आणि श्रेणीनुसार कार्यक्रम व मानधन मिळे. संस्थानांचा आश्रय संपल्यानंतर शास्त्रीय संगीताच्या कलावंतांना आकाशवाणीचा मोठा आधार झाला. मात्र या व्यवस्थेत केंद्राच्या धोरणाला न रुचणाऱ्या गोष्टींना वाव नसे. भारतीय संगीतातील श्रुती व मींड यांना अनुकूल नाही या कारणास्तव १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी सुमारे तीन दशके टिकली. नाट्यसंगीताच्या साथीत हार्मोनियमचे स्थान महत्त्वाचे असल्याने महाराष्ट्रातील गायक-वादकांना ही बंदी विशेष जाचक ठरली.

संमिश्र स्वरूपाचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'गीतरामायण'. ग. दि. माडगूळकर यांची गीते व सुधीर फडके यांचे संगीत असलेला हा कार्यक्रम १ एप्रिल १९५५ पासून सुमारे वर्षभर पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाला. त्यात एकूण ५६ गीते होती. नव्या गीताची आठवडाभर वाट पाहणे आणि ठरलेल्या वेळी अनेक घरांनी एकत्र येऊन ते ऐकणे ही श्रवणाची रीत वेळापत्रकावर आधारलेल्या रेडिओमुळेच शक्य झाली.

## चित्रपट संगीतावरील मर्यादा आणि रेडिओ सिलोन

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा प्रसार हे रेडिओचे कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या कारकिर्दीत १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ मध्ये आकाशवाणी संगीत संमेलन सुरू झाले. त्याच वेळी चित्रपट गीतांचे प्रमाण एकूण कार्यक्रमांच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. चित्रपटाचे नाव उच्चारणे ही त्याची जाहिरात ठरते, असे मानून निवेदनातून चित्रपटांची नावे वगळण्यात आली. निर्मात्यांनी याला विरोध करून गीते वाजवण्याचे हक्क काढून घेतले आणि आकाशवाणीवरून हिंदी चित्रपट गीते जवळजवळ नाहीशी झाली.

या पोकळीचा लाभ शेजारच्या श्रीलंकेतील रेडिओ सिलोनला झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या लघुलहरी प्रक्षेपकामुळे त्याचा आवाज भारतभर पोहोचत असे आणि त्यावर जाहिरातींना बंदी नव्हती. ३ डिसेंबर १९५२ रोजी या केंद्रावर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी (१९३२–२०२४) हे मुंबईचे होते. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोता संघांची पसंती यांवरून गीतांचा क्रम ठरे व सयानी तो 'पायदान' या शब्दाने सांगत. लोकप्रियतेच्या क्रमानुसार गाणी वाजवण्याची पद्धत भारतीय श्रोत्यांत रुजवण्याचे श्रेय मुख्यत्वे या कार्यक्रमाला दिले जाते. १९८९ मध्ये तो विविध भारतीवर आला आणि १९९४ पर्यंत चालला.

## विविध भारती आणि जाहिरातींचा प्रारंभ

रेडिओ सिलोनकडे वळलेला श्रोता परत आणण्यासाठी आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती ही मनोरंजन सेवा सुरू केली. तिचे वर्णन 'पंचरंगी कार्यक्रम' असे केले जाई. कवी पंडित नरेंद्र शर्मा यांचा तिच्या उभारणीत प्रमुख वाटा होता. 'हवा महल', सैनिकांसाठी 'जयमाला', 'छायागीत', 'भूले बिसरे गीत' आणि रागांवर आधारित 'संगीत सरिता' हे तिचे गाजलेले कार्यक्रम होत. चित्रपट गीतांना मुक्त वाव देणारी असली, तरी विविध भारतीची घडण संमिश्र स्वरूपाचीच होती. पहाटे जुनी गीते, दुपारी फर्माइशी आणि रात्री शांत गीते अशी तिच्या दिवसाची बांधणी असे.

आकाशवाणीच्या कारभाराचा अभ्यास करणाऱ्या चंदा समितीने १९६६ मध्ये मर्यादित प्रमाणात व्यापारी प्रसारणाची शिफारस केली. त्यानुसार १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथील विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. देशातील सार्वजनिक रेडिओवर व्यापारी जाहिरातींचा हा पहिला प्रयोग होता. तोपर्यंत आकाशवाणीचा खर्च सरकारी अनुदानातून आणि श्रोत्यांनी भरलेल्या परवाना शुल्कातून भागत असे. रेडिओ संच बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून दरवर्षी परवान्याचे नूतनीकरण करावे लागे. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. जाहिरातदार हा खर्च करणारा घटक झाल्यावर श्रोत्यांची संख्या हा कार्यक्रम निवडीचा एक महत्त्वाचा निकष बनला. पुढील काळातील बदलांची बीजे येथे आढळतात.

## नागपूर आणि राष्ट्रीय वाहिनी

नागपूर केंद्राचे मुख्य प्रसारण दीर्घकाळ ५८५ किलोहर्ट्झ या मध्यम लहरींवरून होत आले. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर जातात. त्यामुळे शहराबरोबरच विदर्भातील खेडीही केंद्राच्या टप्प्यात येत. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १८ मे १९८८ रोजी सुरू झाली. तिचे कार्यक्रम दिल्लीत तयार होत. प्रक्षेपण मात्र नागपूर येथील १,००० किलोवॉट क्षमतेच्या प्रक्षेपकावरून १५६६ किलोहर्ट्झवर होत असे. नागपूर देशाच्या मध्यभागी असल्याने आणि रात्री मध्यम लहरी वातावरणातील आयनांबराच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जात असल्याने ही निवड करण्यात आली होती. प्रसारण सायंकाळपासून पहाटेपर्यंत चाले. २४ डिसेंबर २०१८ रोजी ही वाहिनी बंद करण्यात आली. एकाच प्रक्षेपकावरून देशभर पोहोचण्याचे उद्दिष्ट तोवर उपग्रह व इंटरनेट या साधनांनी अधिक सुलभतेने साध्य केले होते.

## खासगी एफएम वाहिन्या

### परवाने

एफएम म्हणजे वारंवारता अधिमिश्रण. या पद्धतीत खरखर कमी असते व ध्वनी अधिक स्पष्ट असतो, मात्र तिचा टप्पा साधारणतः शहर व त्याच्या आसपासच्या परिसरापुरता मर्यादित राहतो. आकाशवाणीने १९७७ मध्ये मद्रास येथे एफएम प्रसारण सुरू केले. १९९३ पासून मुंबई, दिल्ली आदी शहरांत आकाशवाणीच्या एफएमवरील काही वेळ खासगी निर्मात्यांना देण्यात येऊ लागला.

सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल खटल्यात 'प्रसारण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे' असा निर्णय दिला. या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा समावेश होता. प्रसारणावर सरकारची मक्तेदारी असू नये, असे या निर्णयात स्पष्ट करण्यात आले. त्यानंतर एफएमच्या वारंवारता लिलावाने खासगी कंपन्यांना देण्याचे धोरण आले. या धोरणाखालील पहिली खासगी वाहिनी जुलै २००१ मध्ये बंगळूर येथे सुरू झाली. मुंबईत २००२ मध्ये एकापाठोपाठ एक वाहिन्या आल्या.

पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत असे. हा बोजा अनेक कंपन्यांना पेलला नाही. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात त्याऐवजी महसुलाच्या ४ टक्के वाटा घेण्याची पद्धत आली आणि खासगी वाहिन्या मध्यम आकाराच्या शहरांपर्यंत पोहोचल्या. नागपुरात रेडिओ सिटी (९१.१), रेड एफएम (९३.५), माय एफएम (९४.३) व मिर्ची (९८.३) या वाहिन्या ऐकू येऊ लागल्या, विविध भारतीही १००.६ मेगाहर्ट्झवर उपलब्ध झाली. यांपैकी माय एफएम, मिर्ची व रेडिओ सिटी या वाहिन्या वृत्तपत्र समूहांशी संबंधित आहेत. खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची अनुमती नाही. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने केवळ आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्यास मुभा दिली. त्यामुळे खासगी रेडिओ हा जवळजवळ पूर्णतः संगीताचा व गप्पांचा रेडिओ झाला.

### लोकप्रिय गीतांचे स्वरूप

खासगी वाहिन्यांनी प्रामुख्याने नव्या हिंदी चित्रपट गीतांचे स्वरूप स्वीकारले. यात प्रत्येक तास एखाद्या घड्याळाप्रमाणे आखलेला असतो. कोणत्या मिनिटाला नवे गाणे, कोणत्या मिनिटाला थोडे जुने, कोठे वाहिनीची ओळखधून, कोठे निवेदकाचे बोलणे आणि कोठे जाहिराती, हे आधीच ठरते. गाण्यांची मर्यादित यादी संगणक प्रणालीत भरलेली असते; कोणते गाणे किती तासांनी पुन्हा लावायचे, हे प्रणाली ठरवते. पूर्वीच्या निवेदकाकडे असलेली गीतनिवडीची मोकळीक या पद्धतीत पुष्कळ कमी झाली. 'रेडिओ जॉकी' किंवा 'आरजे' या नावाने ओळखला जाणारा नवा निवेदक गीतनिवडीपेक्षा आपली बोलण्याची शैली, स्थानिक संदर्भ आणि श्रोत्यांशी दूरध्वनीवरील संवाद यांसाठी ओळखला जाऊ लागला.

एकाच शहरातील अनेक वाहिन्यांचे संगीत सारखे वाटण्यामागे आर्थिक व धोरणात्मक कारणे होती. लिलावात भरलेली मोठी रक्कम वसूल करण्यासाठी प्रत्येक वाहिनीला सर्वांत मोठा श्रोतृवर्ग हवा होता. शिवाय दुसऱ्या टप्प्यापर्यंत एका कंपनीला एका शहरात एकच वाहिनी चालवता येत असे. एकमेव वारंवारता गझल, नाट्यसंगीत किंवा लोकगीत अशा मर्यादित श्रोत्यांच्या प्रकाराला देणे व्यवसायाच्या दृष्टीने धोक्याचे होते. २०११ मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने काही अटींवर एकाच शहरात एकाहून अधिक वाहिन्या चालवण्यास परवानगी दिली. त्यानंतर मोठ्या शहरांत प्रेमगीते, जुनी गीते किंवा इंग्रजी गीते अशा विशिष्ट स्वरूपांच्या वाहिन्यांना थोडा वाव मिळाला.

### मराठी व वैदर्भीय संगीताचे स्थान

मुंबई व नागपूर या दोन्ही शहरांत हिंदी भाषक श्रोत्यांचे प्रमाण मोठे असल्याने खासगी वाहिन्यांवर हिंदी गीतांचा वरचष्मा राहिला. निवेदनात मराठी, हिंदी व इंग्रजी यांची सरमिसळ रूढ झाली. मराठी भावगीते, अभंग व नाट्यपदे यांचा मुख्य आधार आकाशवाणीची केंद्रेच राहिली. झाडीपट्टीतील दंडार, खडी गंमत किंवा विदर्भातील खंजिरी भजन यांसारख्या प्रकारांना गाण्यांच्या मर्यादित यादीवर चालणाऱ्या वाहिन्यांत अभावानेच जागा मिळते. हे प्रकार प्रयोगाच्या ओघात रंगतात. चार-पाच मिनिटांच्या ध्वनिमुद्रित गाण्याच्या चौकटीत ते सहज बसत नाहीत.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. या यादीत विदर्भातील चंद्रपूर, गोंदिया, वर्धा व यवतमाळ या शहरांचाही समावेश आहे. मातृभाषेतील स्थानिक आशयाला चालना देणे हा या निर्णयाचा एक घोषित उद्देश आहे.

## सामुदायिक रेडिओ

शैक्षणिक संस्थांना २००२ च्या धोरणानुसार आणि स्वयंसेवी संस्थांना २००६ च्या धोरणानुसार अल्प क्षमतेची, ना नफा तत्त्वावरील केंद्रे चालवण्यास परवानगी मिळाली. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील माणदेशी तरंग आणि बारामतीची शारदा कृषी वाहिनी ही महाराष्ट्रातील काही परिचित उदाहरणे होत. या केंद्रांना गीतांची लोकप्रियता हा निकष पाळावा लागत नाही. जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळे व स्थानिक गायक यांना तेथे स्थान मिळते. मात्र त्यांचा टप्पा काही किलोमीटरांचाच असतो आणि उत्पन्नाची साधने अल्प असतात.

## उपग्रह रेडिओ

इंटरनेटपूर्वी विशिष्ट आवडीच्या श्रोत्यांसाठी वर्ल्डस्पेस या कंपनीने उपग्रहावरून वर्गणी तत्त्वावर रेडिओ सेवा दिली. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतासाठी 'गांधर्व', कर्नाटक संगीतासाठी 'श्रुती' अशा स्वतंत्र, बहुतांशी जाहिरातविरहित वाहिन्या हे तिचे वैशिष्ट्य होते. कंपनी आर्थिक अडचणीत आल्याने भारतातील सेवा ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली. त्यामुळे तिच्या संचांचा मुख्य उपयोग संपला. एकेका संगीत प्रकाराला वाहिलेल्या वाहिन्यांना भारतात श्रोते आहेत, हे या सेवेने दाखवले. एकाच कंपनीच्या साधनावर विसंबण्याचा धोकाही तिच्या अस्तामुळे स्पष्ट झाला.

## इंटरनेट रेडिओ

### उगम

अमेरिकेत कार्ल मालामूद यांनी १९९३ मध्ये 'इंटरनेट टॉक रेडिओ' सुरू केला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या डब्ल्यूएक्सवायसी या केंद्राने ७ नोव्हेंबर १९९४ रोजी आपले प्रसारण इंटरनेटवर आणले. १९९५ मध्ये आलेल्या रिअलऑडिओमुळे संपूर्ण फाइल उतरवून न घेता ध्वनी ऐकणे सुलभ झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शाउटकास्ट व आइसकास्ट या प्रणालींमुळे साध्या संगणकावरूनही स्वतःचे केंद्र चालवणे शक्य झाले. भारतात मात्र इंटरनेटची गती व दर यांमुळे अशा श्रवणाचा प्रसार मर्यादित राहिला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४जी सेवा सुरू होऊन मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर ही परिस्थिती झपाट्याने पालटली.

### कार्यपद्धती

पारंपरिक रेडिओत प्रक्षेपक एकदाच लहरी सोडतो. टप्प्यातील श्रोते शंभर असोत वा लाख, खर्च तेवढाच राहतो. इंटरनेट रेडिओत ध्वनीचे अंकीय रूपांतर करून तो सर्व्हरकडे पाठवला जातो आणि सर्व्हर प्रत्येक श्रोत्याला स्वतंत्र प्रवाह पुरवतो. ६४ केबीपीएस गतीचा प्रवाह तासाभर ऐकण्यास सुमारे २९ मेगाबाइट डेटा लागतो. असे १,००० श्रोते एकाच वेळी ऐकत असतील तर सर्व्हरला ६४ एमबीपीएस क्षमता लागते. म्हणजेच श्रोते वाढतात तसा खर्च वाढतो आणि त्याचा काही भाग डेटाच्या रूपाने श्रोताही उचलतो. प्रवाह अखंड राहावा यासाठी उपकरण काही सेकंदांचा ध्वनी साठवून मग ऐकवते. त्यामुळे इंटरनेटवरील वेळेचे ठोके प्रत्यक्ष वेळेपेक्षा किंचित उशिरा ऐकू येतात.

### आकाशवाणी

प्रसार भारतीच्या 'न्यूजऑनएअर' या अॅपवरून आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या थेट ऐकता येऊ लागल्या. त्यांत महाराष्ट्रातील केंद्रेही आहेत. जानेवारी २०१६ मध्ये आकाशवाणीने शास्त्रीय संगीताची 'रागम' ही चोवीस तासांची वाहिनी सुरू केली आणि ती इंटरनेट व उपग्रह यांवरून उपलब्ध केली. केसकर यांच्या काळात सर्व श्रोत्यांसाठी मुख्य वाहिनीवर असलेले शास्त्रीय संगीत अशा रीतीने आवड असणाऱ्यांसाठीच्या स्वतंत्र वाहिनीवरही आले. त्याचा रसिकांना लाभ झाला. मात्र बातम्यांची वाट पाहताना एखादा राग सहज कानी पडण्याची शक्यता अशा रचनेत राहत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हा मंच सुरू केला. त्यावर दूरचित्रवाणीबरोबर रेडिओही उपलब्ध आहे.

### मागणीनुसार श्रवण

गाना, जिओसावन आणि २०१९ मध्ये भारतात आलेली स्पॉटिफाय यांसारख्या सेवांत श्रोता हवे ते गाणे हवे तेव्हा ऐकतो. काटेकोर अर्थाने हा रेडिओ नव्हे, कारण यात सर्वांना एकाच वेळी तेच ऐकू येत नाही. तथापि श्रोत्याने पूर्वी काय ऐकले यावरून पुढचे गाणे सुचवणाऱ्या यादीलाही या सेवा 'रेडिओ' म्हणतात. जुन्या रेडिओच्या सवयीवर आधारलेले दुसरे उदाहरण म्हणजे सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये आणलेला 'कारवां' हा संच. रेडिओसारख्या दिसणाऱ्या या संचात ५,००० जुनी हिंदी गीते भरलेली असून त्याची मराठी आवृत्तीही निघाली.

## प्रताधिकाराचा प्रश्न

इंटरनेट रेडिओ लहरींचा वापर करीत नसल्याने त्याला वारंवारता लिलावात घ्यावी लागत नाही. संगीत वाजवण्यासाठी हक्कधारकांची परवानगी मात्र लागते. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ३१ड नुसार रेडिओ व दूरचित्रवाणी प्रसारकाला पूर्वसूचना देऊन आणि ठरवलेले स्वामित्वशुल्क भरून गाणी वाजवता येतात. हक्कधारक नकार देऊ शकत नाही. ही सवलत इंटरनेटवरील सेवांनाही लागू आहे काय, हा प्रश्न टिप्स इंडस्ट्रीज विरुद्ध विंक म्युझिक या खटल्यात उपस्थित झाला. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये, हे कलम इंटरनेटवरील सेवांना लागू होत नाही, असा निर्णय दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला.

या निर्णयामुळे हक्कधारकांना इंटरनेट सेवांशी स्वतंत्रपणे दर ठरवण्याचा अधिकार अबाधित राहिला. मोठ्या कंपन्या असे करार करू शकतात. जुनी भावगीते किंवा नाट्यपदे ऐकवू इच्छिणाऱ्या लहान मराठी इंटरनेट केंद्राला मात्र निरनिराळ्या हक्कधारकांशी वाटाघाटी करणे अवघड जाते. तंत्रज्ञानाने केंद्र सुरू करणे सोपे झाले, तरी गाणी मिळवणे सोपे झाले नाही, ही या क्षेत्रातील मुख्य विसंगती आहे. दुसरीकडे, स्वतःच्या रचना गाणारे कलावंत, भजनी मंडळे व लोककलावंत हक्कांच्या या अडथळ्याविना आपले संगीत इंटरनेटवर आणू शकतात.

## उपनगरातील श्रवण: हुडकेश्वर

हुडकेश्वर हा नागपूरच्या दक्षिणेकडील भाग होय. मूळचे गाव आणि त्याभोवती वाढलेले गृहनिर्माण लेआउट अशी त्याची घडण आहे. प्रसारणाच्या निरनिराळ्या पद्धतींचा श्रोत्याच्या दृष्टीने काय फरक पडतो, हे अशा उपनगराच्या उदाहरणावरून समजते.

मध्यम लहरी येथे सहज पोहोचतात, मात्र घरातील विद्युत उपकरणांमुळे त्यांत खरखर येते. एफएम लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. हुडकेश्वर शहराच्या एफएम प्रक्षेपकांच्या टप्प्यात येते. काँक्रीटच्या दाट इमारतींच्या आत मात्र संकेत क्षीण होऊ शकतो. इंटरनेट रेडिओला अंतराची मर्यादा नाही. हुडकेश्वरातून नोकरीसाठी पुण्याला किंवा दुबईला गेलेली व्यक्ती तेथे नागपूर आकाशवाणीचा सकाळचा कार्यक्रम ऐकू शकते.

ही सोय दुहेरी आहे. नागपूरची वाहिनी जगभर ऐकू येते, त्याचप्रमाणे जगातील प्रत्येक वाहिनी हुडकेश्वरात ऐकू येते. स्थानिक एफएमच्या उत्पन्नाचा मोठा आधार सीताबर्डी किंवा इतवारीसारख्या बाजारपेठांतील व्यापाऱ्यांच्या जाहिराती असतात. आपला ग्राहक त्या वाहिनीच्या टप्प्यात आहे, याची खात्री असल्याने ते जाहिरात देतात. श्रोते जागतिक सेवांकडे वळले तर हा आधार दुबळा होतो आणि त्याबरोबर शहराच्या बोलीत शहराविषयी बोलणारा निवेदकही दुर्मीळ होण्याची शक्यता असते.

पूर, वीजपुरवठा खंडित होणे किंवा मोबाइल जाळे बंद पडणे अशा प्रसंगी बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ संच उपयोगी पडतो. अनेक नव्या स्मार्टफोनमध्ये एफएम सुविधा नसते किंवा बंद ठेवलेली असते. ही सुविधा उपलब्ध ठेवावी, अशी सूचना केंद्र सरकारने २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांना केली.

## कालपट

- १९२७ – मुंबई केंद्राचा प्रारंभ
- १९४८ – नागपूर केंद्राचा प्रारंभ
- १९५२ – रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला'
- १९५५ – पुणे केंद्रावरून 'गीतरामायण'
- १९५७ – विविध भारती
- १९६७ – मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती
- १९८८ – नागपूर येथून राष्ट्रीय वाहिनीचे प्रक्षेपण
- १९९५ – लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय
- २००२ – मुंबईत खासगी एफएम वाहिन्या
- २००५ – खासगी एफएमच्या दुसऱ्या टप्प्याचे धोरण
- २०१६ – 'रागम' वाहिनी. मोबाइल डेटा स्वस्त
- २०१८ – राष्ट्रीय वाहिनी बंद
- २०२२ – कलम ३१ड विषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निर्णय
- २०२४ – २३४ नव्या शहरांतील एफएम लिलावास मान्यता

## हे सुद्धा पहा

- आकाशवाणी
- विविध भारती
- गीतरामायण
- सामुदायिक रेडिओ
- नागपूर